रोजच ऋषिपंचमी: आदिमानवाचा आहार आपल्या स्वयंपाकघरात कसा सुरू करायचा

मी घरात जाहीर केलं की महिनाभर अश्मयुगातल्या माणसासारखं खाणार आहे, तेव्हा सासूबाईंनी भाजी चिरता चिरता वर बघून विचारलं, "म्हणजे दगड खाणार का गं?" मग मी समजावलं की आई, धान्य नाही, डाळ नाही, दूध नाही, साखर नाही, बाकी कंदमुळं, पालेभाज्या, फळं, अंडी, मासे, मटण सगळं चालतं, म्हणजे माणूस शेती करायला लागला त्याच्या आधी जे मिळेल ते. त्या म्हणाल्या, "हात्तिच्या, मग रोजच ऋषिपंचमी की."

आणि मला एकदम लक्षात आलं की याच्यापेक्षा चांगली व्याख्या मला कुठेच सापडली नव्हती. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, नांगरलेल्या शेतातलं नाही, परसातलं चालेल, म्हणून अळू, माठ, सुरण, रताळं, पडवळ, दोडका, भेंडी असं सगळं एकत्र शिजवून ती ऋषीची भाजी. वर्षातून एक दिवस आपल्या आज्या नांगराच्या आधीचं जेवत होत्याच. पॅलिओ डाएट म्हणजे तेच, फक्त सलग तीस दिवस आणि सोबत मासे-मटण. तेव्हा ज्यांना हे करून बघायचंय पण इंटरनेटवरचे अवाकाडो आणि बदामाच्या पिठाचे फोटो बघून हे आपल्यासाठी नाही असं वाटतंय त्यांच्यासाठी हे सगळं लिहितेय. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ नाही, डोंबिवलीत राहणारी, रोज लोकलने डबा घेऊन जाणारी बाई आहे, दोनदा करून बघितलंय, पहिल्यांदा सपशेल फसले.

आधी थोडं, की हे कुठून आलं

१९८५ साली बॉयड ईटन आणि मेल्विन कॉनर या दोन अमेरिकन संशोधकांनी एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं की माणसाचं शरीर लाखो वर्षं शिकार आणि कंदमुळं-फळं गोळा करून खाण्यात घडलं, शेती जेमतेम दहा-बारा हजार वर्षांची, त्यामुळे आजचं खाणं आणि आपलं शरीर यांचा मेळ बसत नाही आणि मधुमेह, हृदयविकार वगैरे त्यातून येतात. पुढे त्याचं डाएट झालं, मग धंदा झाला.

आता यात खरं किती? थोडं सांगते कारण हे कळलं की नियम पाळताना डोकं शांत राहतं. आदिमानवाचा एकच एक आहार असं काही नव्हतंच. बर्फाजवळ राहणारे मांसावर जगत होते, आफ्रिकेतले कंद आणि फळं खात होते. टांझानियातले हाड्झा लोक आजही बऱ्यापैकी शिकार-गोळा करून जगतात आणि त्यांच्या खाण्यात मध भरपूर असतो, चमचाभर नाही, पोळेच्या पोळे. दक्षिण आफ्रिकेत बॉर्डर केव्ह नावाच्या गुहेत १ लाख ७० हजार वर्षांपूर्वीचे भाजलेले कंद सापडलेत, आपल्या काळ्या मुसळीच्या कुळातल्या झाडाचे, म्हणजे पिष्ट खाणं हे काही शेतीनंतरचं पाप नाही. आणि गंमत बघा, जॉर्डनमध्ये १४,४०० वर्षांपूर्वीच्या चुलीत पोळीसारखी जळालेली भाकर सापडली, शेती सुरू व्हायच्या चार हजार वर्षं आधीची, रानटी धान्याची! त्यामुळे "आदिमानव धान्य खातच नव्हता" हे वाक्य कुणी छाती ठोकून म्हणालं तर हसून सोडून द्या. शरीरही काही गोठून बसलेलं नाही, मोठेपणी दूध पचवायची शक्ती ही शेती-गुरं आल्यानंतरच काही समाजांत पसरली.

आपल्याकडचं सांगायचं तर जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे गावात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडलेत, साधारण २५ हजार वर्षांपूर्वीचे. म्हणजे खानदेशात शहामृगं हिंडत होती. आणि मिरची, बटाटा, टोमॅटो, रताळं, लाल भोपळा यातलं काही म्हणजे काही नव्हतं, हे सगळं अमेरिका खंडातलं, पोर्तुगीज आल्यानंतरचं. तेव्हा आपण खरा आदिमानवी आहार करूच शकत नाही, ते डोक्यातून काढा. आपण एक नियम पाळतोय. त्या नियमाने होतं काय तर बिस्किट, फरसाण, वडापाव, साखरेचा चहा, पाव, नूडल्स, पॅकेटमधलं झाडून सगळं एका झटक्यात ताटाबाहेर जातं आणि भाज्या, कंद, मासे यांना जागा होते. माझ्या मते फायदा जो काही होतो तो यातूनच होतो, गोष्ट खोटी असली तरी नियम कामाचा आहे.

पायरी पहिली: तुम्ही करायचं का, हे ठरवा

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही, कारण भात-पोळी बंद केली आणि औषध तेवढंच राहिलं तर साखर एकदम खाली जाते आणि ते धोक्याचं असतं. किडनीचा त्रास, गाऊट, रक्त पातळ करायच्या गोळ्या, गरोदरपण, अंगावर पाजणाऱ्या आया, वाढीची मुलं, यांनीही स्वतःच्या मनाने नाही. आणि ज्यांचं खाण्याशी आधीच भांडण आहे, म्हणजे उपाशी राहायचं मग बकाबका खायचं मग रडायचं असं होतं, त्यांनी कृपा करून आणखी एक बंदी-यादी डोक्यावर घेऊ नका.

शाकाहारी लोकांना सरळ सांगते, अंडी खात असाल तर कसंबसं जमेल, अंडीही नसतील तर करू नका. डाळ गेली, दूध गेलं, मग प्रोटीन आणणार कुठून, सुकामेव्यावर महिना काढायचा म्हणजे खिसा आणि पोट दोन्ही बिघडणार, शिवाय बी-१२ चा प्रश्न आपल्या शाकाहारी घरांत आधीच असतो. तुम्ही डाळी आणि ताक ठेवा, फक्त साखर, मैदा, पॅकेट बंद करा, त्याला पॅलिओ म्हणू नका एवढंच.

वजनाबद्दल अपेक्षा बेताची ठेवा. स्वीडनमध्ये पाळी गेलेल्या ७० लठ्ठ बायकांवर दोन वर्षांचा अभ्यास झाला, २०१४ ला छापून आला, निम्म्या बायका पॅलिओवर, बाकीच्या तिकडच्या सरकारी सल्ल्याच्या आहारावर, त्यात सहा महिन्यांनी पॅलिओवाल्या बायकांची चरबी जास्त उतरली होती पण दोन वर्षांनी दोन्ही गटांत फारसा फरक उरला नाही. म्हणजे ते टिकवणं अवघड. म्हणून मी तीस दिवस म्हणते, जन्मभर नाही.

पायरी दुसरी: तारीख बघा, मुहूर्त नाही, कॅलेंडर

ही पायरी इंग्रजी व्हिडिओत कुणी सांगणार नाही. श्रावणात सुरू करू नका, घरात मांसाहार बंद, त्यात जून-जुलैत मासेमारीची बंदी असते आणि नंतरही ताजे मासे लगेच मुबलक येत नाहीत. मे महिन्यात हापूस समोर असताना सुरू करू नका. गणपती, दिवाळी विसरा. सगळ्यात भारी काळ म्हणजे दिवाळी उरकल्यावर ते संक्रांतीपर्यंत, तेव्हा बाजारात कोनफळ, कारांदे, रताळी, सुरण, आवळे, बोरं, सगळा पाला स्वस्त आणि चांगला. मार्गशीर्षातले गुरुवार घरात पाळत असतील तर त्या दिवशी सुरण-रताळं-खोबऱ्यावर काढा, एक दिवसाने काही होत नाही.

पायरी तिसरी: काय आत, काय बाहेर

गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरी सगळं बाहेर. हो, भाकरी पण. मला माहितीये. राजगिरा खरं तर गवताच्या कुळातलं धान्य नाही पण नियमात तोही बाहेरच धरतात. सगळ्या डाळी, कडधान्यं बाहेर, आणि इथे आपला पाय घसरतो कारण शेंगदाणा हा सुकामेवा नाही, तो शेंगवर्गातला, म्हणजे दाण्याचा कूट गेला आणि शेंगदाण्याचं तेलही गेलं. दूध, दही, ताक, पनीर बाहेर. साखर, गूळ बाहेर, मध थोडा चालतो. साबुदाणा कंदाचा असला तरी तो गिरणीतून आलेला निव्वळ पिष्टाचा गोळा आहे, मी बाहेर ठेवला. तुपावर लोक भांडतात, मी चमचाभर खाल्लं, मला कुणी पकडायला आलं नाही.

आत काय? मासे, चिंबोऱ्या, कोलंबी, अंडी, कोंबडी, मटण, कलेजी, पाया. सगळ्या भाज्या. सगळे कंद, बटाट्यावर मतभेद आहेत पण मी आठवड्यातून दोनदा खाल्ला. ओला नारळ, सुकं खोबरं, तीळ, कारळं, जवस, अक्रोड, काजू. फळं दिवसाला दोन. खोबरेल नाहीतर तिळाचं तेल, दोन्ही घाण्यावरचं मिळालं तर उत्तम, आणि कुणी म्हणालं की आदिमानवाकडे घाणा कुठे होता, तर त्याला म्हणावं मोबाईल तरी कुठे होता.

छुप्या जागा: डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं, पाठीमागे वाचा. फोडणीतली उडीद डाळ. मेतकूट तर सगळंच डाळी-धान्याचं. अळूच्या फतफत्यात चणाडाळ आणि दाणे. सोया सॉसमध्ये गहू. मीठ मात्र बदलू नका, गुलाबी मिठाच्या नादी लागून आयोडीनवालं मीठ बंद करू नका.

पायरी चौथी: भाकरीची जागा कंदाला द्या

इथे मी पहिल्यांदा फसले. इंटरनेटवर बघून मला वाटलं पॅलिओ म्हणजे कोंबडीची छाती आणि कोबी. आठ दिवस तेच खाल्लं, उकडलेली चिकन ब्रेस्ट, कोबी, काकडी, तेल नावाला, आणि नवव्या दिवशी प्लॅटफॉर्मवर डोळ्यांपुढे अंधारी आली, एका काकूंनी धरून बाकावर बसवलं आणि पर्समधून लाडू काढून दिला, तो मी खाल्ला. राजगिऱ्याचा होता, नियमात बसत नव्हता, पण काय सांगू.

नंतर वाचताना स्टेफान्सन नावाच्या उत्तर ध्रुवाकडच्या प्रवाशाची हकिकत सापडली. १९२८ मध्ये तो न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलात डॉक्टरांच्या देखरेखीखाली फक्त मांस खाऊन राहिला, सुरुवातीला त्याला मुद्दाम बिनचरबीचं मांस दिलं तर दोन-तीन दिवसांत तो आजारी पडला, चरबी वाढवली तशी तब्येत सुधारली. ध्रुवाकडचे लोक याला सशाची उपासमार म्हणतात, कारण सशाच्या अंगात चरबीच नसते, पोटभर ससा खाऊनही माणूस खंगतो. मी डोंबिवलीत बसून सशाची उपासमार करत होते.

तर धडा हा, की ताटात मांस मध्यभागी ठेवू नका, कंद ठेवा. हिशोब करून सांगते. २५० ग्रॅम रताळ्यात साधारण २१५ कॅलरी, म्हणजे दोन पोळ्यांच्या आसपास. प्रत्येक जेवणात एवढा कंद ठेवला की चक्कर नाही, चिडचिड नाही. प्रोटीनचं म्हणाल तर ६० किलोच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅमच्या जवळपास लागतं, दोन अंड्यांत बारा-तेरा ग्रॅम, १५० ग्रॅम बांगड्यात २८ च्या आसपास, संध्याकाळी अजून एखादं अंडं किंवा थोडं चिकन, झालं की. किलोकिलो मटण लागत नाही.

कंदांतही वैविध्य ठेवा. रताळं उकडून किंवा निखाऱ्यावर. सुरणाचे काप, पण सुरण आधी चिंच किंवा कोकम घालून उकडून घ्या, नाहीतर घसा खाजतो, त्यातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे कण टोचतात म्हणून. चिरताना हाताला तेल. अळकुड्या, कोनफळ, कच्च्या केळ्याचे काप, लाल भोपळा भाजून. फ्लॉवर किसून केलेला तो "भात" मी एकदा केला, नवऱ्याने विचारलं हा भुसा कसला, परत केला नाही.

आणि एक, कंद कच्चे खायच्या फंदात पडू नका. आदिमानव म्हणजे कच्चं खाणारा ही समजूतच चुकीची, आग त्याच्याकडे होती आणि कंद खायला तीच लागते. आपल्याकडे सह्याद्रीतले आदिवासी कडूकंद नुसता उकडून खात नाहीत, चकत्या करायच्या, राख घालून शिजवायच्या, वाहत्या पाण्यात ठेवायच्या, तेव्हा कुठे त्याचा कडवटपणा आणि विषारीपणा जातो. ज्यांना हे पिढ्यान् पिढ्या माहितीये त्यांनी करावं, आपण ट्रेकला जाऊन दिसला कंद की उपट असं करायचं नाही. आळंब्यांचं तर नावच काढू नका, त्या बाजारातून ओळखीच्या बाईकडूनच.

पायरी पाचवी: चार-पाच पदार्थांवर हात बसवा

तीस दिवस नवीन नवीन रेसिप्या शोधत बसलात तर सहाव्या दिवशी सोडाल. आपल्या कोकणी स्वयंपाकात अर्धं काम आधीच झालेलं आहे हो. बांगड्याचं तिरफळ घालून केलेलं आंबट, ओला नारळ, मिरची, हळद, कोकम, यात धान्याचा कण नाही. कोंबडीचा रस्सा कांदा-खोबऱ्याच्या भाजलेल्या वाटणाचा, यातही नाही. सोलकढी नारळाच्या दुधाची, पूर्ण पॅलिओ, अमेरिकेतल्या पॅलिओवाल्यांना ही माहीत नाही हे त्यांचं दुर्दैव. तळलेल्या माशाला रवा किंवा तांदळाचं पीठ लावतो तेवढं सोडायचं, त्याऐवजी मासा मसाला लावून अर्धा तास मुरवायचा, लोखंडी तवा चांगला तापवायचा, खोबरेल सोडायचं आणि मासा टाकल्यावर चार मिनिटं हात लावायचा नाही, उलटायची घाई केली की चिकटतो.

दाण्याच्या कुटाच्या जागी भाजलेल्या तिळाचा कूट, कारळ्याची चटणी, जवसाची चटणी. काकडीच्या कोशिंबिरीत तिळकूट आणि लिंबू, दह्याची आठवण येत नाही असं नाही म्हणणार, येते, पण चालतं. पालेभाजी रोज, भरपूर लसूण घालून, वरून ओलं खोबरं. कॅल्शियमकडे मात्र लक्ष द्या, दूध आणि नाचणी दोन्ही एकदम गेलं की खड्डा पडतो. दिवसाला १००० मिलिग्रॅम सांगितलेलं आहे, त्यासाठी मांदेली, मोतक्या असे काट्यासकट खाता येणारे बारीक मासे, शेवग्याच्या पाल्याची भाजी, तीळ. सुकट-जवळा पण चांगला, पण खारट असतो, दोनदा धुवा आणि भाजीत वेगळं मीठ घालू नका. कलेजी आठवड्यातून एकदा बस, त्यात अ जीवनसत्त्व फार असतं, गरोदर बाईने तर नकोच.

माझं माहेर अलिबागकडचं, त्यामुळे थंडीत पोपटी ही आलीच. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, मसाला लावलेली कोंबडी, अंडी, कोनफळ, तोंड पाल्याने बंद करून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ. वालाच्या शेंगा नियमाने बाहेर, त्या बाकीच्यांनी खाल्ल्या, मी कोनफळ आणि कोंबडी. गच्चीत आठ-दहा जण जमले होते आणि त्यातल्या निम्म्यांना कळलंही नाही की मी डाएटवर आहे.

पायरी सहावी: दिवस कसा लावायचा

चहा. यावर सगळं अडतं. मी सांगते, चहा सोडू नका, साखर आणि दूध सोडा. एकदम चहाच बंद केला तर डोकं ठणकतं आणि माणूस म्हणतो डाएटने डोकं दुखलं. कोरा चहा, आलं-गवती चहा घालून, लिंबू पिळून. पहिले चार दिवस घाण लागतो.

सकाळी दोन अंडी आणि रात्रीचा उरलेला कंद खोबरेलात परतून, कढीपत्ता, मिरची घालून. पोहे-उपम्याच्या जागी हेच रोज, कंटाळा आला तर आदल्या दिवशीचं कालवण आणि रताळं. डब्यात कोरडं चिकन किंवा खिमा, पालेभाजी, सुरणाचे काप, काकडी-गाजर. मासे डब्यात नेऊ नका, ऑफिसच्या मायक्रोवेव्हवरून भांडणं होतात, ते रात्री घरी. संध्याकाळच्या लोकलमधली भूक सगळ्यात वाईट, समोर भेळवाला, शेजारी कुणाचा वडापाव, तेव्हा पर्समध्ये सुकं खोबरं, दोन खजूर, चार अक्रोड, नाहीतर उकडलेलं अंडं. चणे-फुटाणे नाही, ते कडधान्य.

रविवारी दीड-दोन तास काढा. कंद उकडून सालीसकट फ्रिजमध्ये, कांदा-खोबऱ्याचं वाटण भाजून वाटून दोन डब्यांत, एक फ्रीजरला, अंडी उकडून, पाला निवडून कपड्यात गुंडाळून. हे झालं नाही तर बुधवारी तुम्ही पावभाजी खाणार, लिहून घ्या.

बाहेर जेवायची वेळ आली तर मालवणी खानावळ गाठा, तवा फ्राय बिनरव्याचा सांगा, सोबत सोलकढी, चपाती-भाताऐवजी एक सुकी भाजी मागा, देतात. उडप्याकडे जाऊन उपयोग नाही. चायनीजमध्ये सगळीकडे कॉर्नफ्लोअर.

पायरी सातवी: पहिला आठवडा निभवा

तिसऱ्या ते सातव्या दिवसापर्यंत मरगळ येते, डोकं जड, चिडचिड, पोट एकतर गच्च नाहीतर सैल. याचं कारण साधं, शरीरातला साखरेचा साठा उतरतो आणि त्या साठ्यातल्या एकेका ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, तेही जातं. म्हणून पहिल्या आठवड्यात काट्यावर एक-दोन किलो कमी दिसतात, बहुतेक पाणीच ते, पेढे वाटू नका. पाणी प्या, मीठ अगदी तोडू नका, आणि मरगळ जास्तच असेल तर कंदाचं प्रमाण वाढवा. हे कीटो, म्हणजे पिष्ट-साखर जवळपास बंद करायचं डाएट, नाही. कीटोत कार्ब, म्हणजे ते पिष्ट-साखर, मोजतात, इथे मोजत नाहीत, आणि बरेच लोक दोन्ही एकत्र करून स्वतःचे हाल करतात.

छाती धडधडणं, सारखी चक्कर, हातपाय कापणं असं काही झालं तर ताबडतोब थांबा, भात खा, डॉक्टरकडे जा.

"पॅलिओ" लिहिलेली पाकिटं घेऊ नका. मी एक महागडा बार घेतला होता, खजुराचा लगदा आणि वर चकचकीत वेष्टन, तेवढ्या पैशात अर्धा किलो खजूर आला असता.

घरच्यांशी भांडू नका हेही याच पायरीत. वेगळा स्वयंपाक होता कामा नये, त्यांचं तेच कालवण, तीच भाजी, फक्त तुमच्या ताटात भाकरीच्या जागी रताळं. सासूबाईंना मी भाकरी करून वाढत होते आणि स्वतः खात नव्हते, पहिले आठ दिवस त्यांनाच घास जाईना, मग त्यांनीच एक दिवस माझ्यासाठी बिनडाळीचं अळू वेगळं काढून ठेवलं, "तुझं ऋषींचं" म्हणून.

पायरी आठवी: एकेक करून परत आणा

एकतीसाव्या दिवशी पुरणपोळी खाऊ नका, पोट फुगेल आणि काय बाधलं तेही कळणार नाही. एक पदार्थ आणायचा, तीन दिवस बघायचं, मग पुढचा. मी आधी ताक आणलं, काही झालं नाही. मग मुगाचं वरण, ठीक. मग तांदळाची भाकरी, त्या दिवशी मी अक्षरशः डोळे मिटून जेवले. ज्वारी, नाचणीही आली. गव्हाच्या चपात्या चार खाल्ल्या की मला दुपारी जडपणा येतो हे मात्र कळलं, आता दोनच खाते. शेंगदाणा परत आला आणि राहिला. न आलेल्या गोष्टी म्हणजे चहातली साखर, संध्याकाळची बिस्किटं आणि फरसाणचा डबा, तो आता खजूर ठेवायला वापरते. वजन तीन किलो उतरलं होतं, त्यातलं दीड परत आलंय.

वर्षभर नाही जमलं तरी आता आठवड्यातून दोन दिवस मी असंच जेवते, आणि पावसाळ्यात थोडं जास्त, कारण तेव्हा स्टेशनबाहेर आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, करटुली एकामागून एक येत राहतात, पण शेवळं पहिल्या पावसानंतर दोन-तीन आठवडेच मिळतात, तेव्हा दिसली की घ्या. घेताना काकडं द्यायला सांगा, ती आंबट छोटी फळं शेवळांसोबतच विकतात, ती नसतील तर चिंच घाला, आणि आतला पिवळा दांडा काढून टाका, नाहीतर घसा दोन तास खाजत राहील.